पाहुण्याची खुर्ची

४ जून, सकाळी ९
…तरी डावी भिंतीला घासतेच. दोन्ही खुर्च्या पुन्हा मधोमध ओढल्या, किंचित एकमेकींकडे वळवल्या. आता कोन जमला. सरांच्या टीव्हीवरच्या टॉक शोमध्ये हाच असे. उजवी सरांची, म्हणजे आता माझी. डावी पाहुण्याची.
ठरलं. पंधरा दिवसांत नमुन्याचा भाग शूट करून चॅनलला पाठवायचा. लोकांना जुने टॉक शो हवे आहेत. हल्लीचे सूत्रसंचालक पाहुण्याला बोलूच देत नाहीत.
पहिली पाहुणी बायको. विषय: छत्तीस वर्षांचा संसार. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

४ जून, दुपारी
अकरा वर्षं सरांची कार्डं मी लिहिली. आदल्या दिवशी पाहुण्याला फोन करायचा, प्रश्न विचारायचे, उत्तरं कार्डावर उतरवायची. ज्याचं उत्तर कार्डावर नाही तो प्रश्न सर विचारत नसत. म्हणून तर इतके सहज वाटत.
बायकोला विचारायची गरज नाही. तिची उत्तरं मला पाठ आहेत. बारा कार्डं एका बैठकीत.

६ जून
पहिली तालीम. प्रश्न: नवऱ्यातलं काय आवडलं? कार्डावरचं उत्तर: शांत स्वभाव. तिने सांगितलं, काखेत गाठ लागतेय, गुरुवारी दहाला तपासणी आहे, मी सोबत येतो का.
नवखे पाहुणे घाबरले की असे भरकटतात. सर अशा वेळी हसून म्हणत, त्याकडे येऊच. मीही हसून तेच म्हणालो. कधी, म्हणाली. ब्रेकनंतर, म्हणालो.
टायमिंग अजून शाबूत आहे.

७ जून
चॅनलला फोन. तिकडच्या मुलीने सरांचं नाव दोनदा विचारलं. मग म्हणाली, काका, लिंक पाठवा. उत्सुकता लपत नव्हती.

१० जून, गुरुवार
सकाळी दहाला खिडकीतला उजेड नेमका डाव्या खुर्चीवर येतो. शूटिंगची वेळ हीच. पाहुणी गैरहजर. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंना घेऊन तपासणीला गेली. रिकाम्या खुर्चीवर उजेड पाहून घेतला. उत्तम.
दुपारी आली. कपाट उघडून त्याच त्या साड्यांच्या घड्या करत बसली. काही विचारावंसं वाटलं. कार्ड नव्हतं.

१३ जून
आज आपण होऊन खुर्चीत येऊन बसली. मेहनत फळाला आली. पण म्हणाली, आज प्रश्न तिचा. रिपोर्ट वाईट आहे, बुधवारी अ‍ॅडमिट व्हायचंय, तुम्हाला भीती वाटते का. पाहुण्याने प्रश्न विचारायचा नसतो, हे समजावून सांगितलं. अकरा वर्षं जगाची विचारपूस केलीत, म्हणाली, दिव्याखाली अंधार.
मग माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि मोठ्याने वाचलं. 'आजारपणात नवऱ्याने कशी साथ दिली?' उत्तर: 'सावलीसारखी.' हसत सुटली. ठसका लागेपर्यंत. हशा खरा होता. आमच्या शोमध्ये तो नंतर जोडावा लागे.

१६ जून, संध्याकाळी
ती हॉस्पिटलात. ऑपरेशन उद्या सकाळी. सोबत एकालाच राहू देतात, आमची मुलगी राहिली. मी राहू का, असं विचारणारच होतो.
घरात आवाज नाही. रेकॉर्डिंगला आदर्श. तेरावं कार्ड लिहायला घेतलं. प्रश्न: भीती वाटते का? उत्तर सुचेना. सरांनी असं कोरं कार्ड फाडून टाकलं असतं.
ठरलं. उद्या आठच्या आत तिच्यापाशी पोचायचं आणि हाच प्रश्न विचारायचा. कोरा. सहाचा गजर लावला.

१७ जून, सकाळी
सहाला उठलो. कोटाला इस्त्री केली. टाय जमेना. साडेआठ झाले. तेवढ्यात मुलगी आली. आईला सातलाच आत नेलं, म्हणाली. आत जाताना आईने विचारलं होतं, बाबा आले का.
सोबतच्या माणसाला तिथे बसायला काही नाही, म्हणून ती घरून खुर्ची न्यायला आली होती. मी डावी दाखवली. तिने उजवी उचलली. हलकी आहे, म्हणाली.
चला म्हणाली नाही.