गावाचा ओटीपी आमच्या देवळीत

अमडापूर,
कापूसवेचणीचे दिवस

चि. निवृत्तीस ताईचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला दुसरं काम तरी काय आहे. तुझी जनका आणि लेकरं मजेत असतील. तुझ्या तब्येतीची चौकशी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. फोन करता आला असता, पण फोनवर काहीच खाजगी राहत नाही हे मी नुकतंच शिकले, म्हणून पत्र. पाकीट खळीने चिकटवलं आहे.

भाऊबीजेला तू आलास तेव्हा शाळेत सरकारी आरोग्य शिबिर होतं. तुझंही रक्त घेतलं होतं. त्या दिवशी कुणाच्याच फोनला रेंज नव्हती, फक्त तुझ्या दाजींच्या जुन्या फोनला होती. (ते गेल्यापासून तो भिंतीतल्या देवळीत ठेवून मी रिचार्ज मारत असते. ऑनलाइनच्या दुकानातला हबीब दर वेळी विचारतो, "काकू, हा फोन कोनासाठी जिता ठेवून राह्यल्या?" मी म्हणते, रिचार्ज मार.) शिबिरवाल्या पोराने सगळ्या गावाच्या नावापुढे तोच नंबर टाकला, मागाहून बदलून घ्या म्हणाला आणि जीपमध्ये बसून गेला.

तेव्हापासून गावात कुणालाही आपला रिपोर्ट पाहायचा असला की ओटीपी आमच्या देवळीत वाजतो. इतक्या दिवसांनी तो फोन वाजला तेव्हा पहिल्यांदा मी हातातली भाकर तव्यावर टाकायची ती चुलीत टाकली. आता सवय झाली आहे, तरी मान वळतेच. लोक दाराशी रांग लावतात. गुलाबराव, जे पारावर बसून आपल्याला बैलाची तब्येत आहे म्हणून सांगतात, ते तोंड फिरवून उभे राहिले. "वहिनी, नंबर सांगा, पन पाहू नका." मी म्हटलं, "न पाहता सांगू कसा, हो?" नंबराच्या वरच मूळव्याध लिहिलेली होती. मी फक्त बसा म्हटलं नाही. पलीकडच्या बेबीताईंची साखर वाढलेली समजली म्हणून त्यांना बिनसाखरेचा चहा दिला, तर त्यांनी घरी जाऊन वाटीभर साखर पाठवली. माझी संपली असेल म्हणून!

हबीबच्या कम्प्युटरवर तर एकाचा ओटीपी टाकला की सगळ्या गावाची यादी उघडते. हे काही बरं नाही. आज मी आहे, उद्या हा फोन कुणा भलत्याच्या हाती लागला तर गावातल्या पोरीबाळींची लग्नं मोडतील. म्हणून हबीबला घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, साइट एकदम सुरक्षित आहे, बाहेरचा कुणी आत शिरू शकत नाही. मी म्हटलं, बीटी कापसाच्या बियाण्याच्या पिशवीवरही असंच लिहिलं होतं, आणि गुलाबी अळी बोंडाच्या आतच सापडली. साहेबांच्या घरी शेती असावी, त्यांनी साइटचा विषयच सोडला. मग म्हणाले, नंबर बदलायला फोनच्या मालकाला स्वतः यावं लागेल, ते कधी येतील? मी म्हटलं, "साहेब, ते आले तर मी आधी घरी नेईन त्यांना." त्यावर साहेबांनी चहा मागवला आणि स्वतः वर फोन लावला. माणूस चांगला निघाला. येत्या सोमवारी एक मॅडम येऊन प्रत्येकाचा नंबर वेगळा करून देणार आहेत.

तोवर एक बरं झालं. बेबीताई आता सकाळी माझ्याबरोबर चालायला येतात. गुलाबराव पारावर बैलाबद्दल बोलत नाहीत आणि औषध घेतात. यंदा बोंडंही बरी फुटली आहेत.

तुझी ताई
रुखमा

ता. क. मागच्या आठवड्यात तू फोन करून ओटीपी मागितलास, बँकेचा आहे, चुकून तिकडे आला म्हणालास. मी चष्मा न लावता नुसते आकडे सांगितले. मागून मेसेज आला, निवृत्ती यांची खामगावच्या दवाखान्यातली किडनीची तपासणी त्यांच्या विनंतीवरून पुढे ढकलली आहे. मग हबीबकडून तुझा रिपोर्ट वाचून घेतला. दुखणं आत्ताच सुरू झालं आहे, औषधाने आवरेल असं लिहिलं आहे. वेचणी झाल्यावर जातो, असं तू म्हणशील; तुझे दाजीही तेच म्हणाले होते. त्या वर्षी वेचणी मी एकटीने पुरी केली. तू जा. जनकाला तू सांग, मी सांगितलेलं नाही. तुमचा कापूस वेचायला मी येते, बेबीताईही येतो म्हणतात.

ता. क. दुसरा. नवी तारीख पुढच्या गुरुवारची आहे. ती पुन्हा बदलायची तर ओटीपी लागतो. मॅडमना मी सांगून ठेवणार आहे, सगळ्या गावाचे नंबर बदला, फक्त दुसरबीडच्या निवृत्तीचा आमच्या देवळीतच राहू द्या. आता मी चष्मा लावून बसले आहे.