वरून लावलेलं दूध

चिमणे,

तू दूध-तूप सोडलंस, तेव्हा मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. म्हणून तुझ्या वाढदिवसाच्या सफरचंदाच्या पेस्ट्रीत लोणी घातलं आणि "तेलातलीच आहे गं" म्हणून तुला खाऊ घातली. तुला कळलं, तेव्हापासून तू घरी आली नाहीस.

आज पाय दुखत होते, तरी तशाच पेस्ट्र्या पुन्हा केल्या. मैदा तेलात मळला, सफरचंद शिजवून भरलं, तुझा डबाही पुसून ठेवला. भाजायला ठेवताना चमक यावी म्हणून वरून ब्रश फिरवला, बघते तर वाटीत दूध! मेली चाळीस वर्षांची सवय.

बाबा म्हणाले, "दे पाठवून. तिला काय कळतंय?"

मागच्या वेळी मीही मनात हेच म्हणाले होते. आज डबा पाठवत नाही, हे पत्रही नाही. उद्या पुन्हा मळते.

तुझी,
आई