ओंजळचा उरलेला अध्याय

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंद्याने चावीवाली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. डायलिसिसची सुई घालायला माझ्या अंगावर आता नस उरली नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा दिवस थोडे आहेत.

१. राहतं घर आणि बँकेत जे असेल ते धाकट्या बहिणीला. दवाखान्याच्या बाकावर बसून बसून तिची कंबर गेली. स्वयंपाकघरातला नळ तिने आधी दुरुस्त करून घ्यावा. त्याचं टपटपणं मला ऐकवत नसे.

२. दुकानातलं किल्ल्या कापायचं मशीन आणि सगळ्या कानशी शेजारच्या चप्पल दुरुस्तीवाल्या दादांना. मशीन सुरू होताना कण्हतं, त्याला घाबरू नये. लोकांनी न नेलेल्या किल्ल्या भंगारात घालाव्यात. आता कोणी येत नाही.

३. ओंजळ. हिच्याविषयी जरा सविस्तर लिहावं लागेल.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर भूगोलाच्या बाई असायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. पुराणातल्या देवांवर वाचकच नव्या गोष्टी रचतात आणि वेबसाइटवर टाकतात, ते फॅन फिक्शन त्यांनी मला दाखवलं. एक दिवस म्हणाल्या, "आपणही एक मुलगी जन्माला घालू या. अर्धी देव, अर्धी माणूस. बाप वरुणदेव. शक्ती काय द्यायची गं तिला?"

"शक्ती राहू दे बाई, तहान द्या." आम्हा दोघींना पाणी मोजून प्यावं लागायचं.

"पाण्याच्या देवाची पोर आणि तहानलेली?"

"आईकडून आली म्हणा."

बाई इतक्या हसल्या की त्यांचं डायलिसिसचं मशीन बोंबलायला लागलं आणि सिस्टर धावत आल्या.

ओंजळ हे नाव बाईंनी ठेवलं. तिने हात टेकला की खडकातून झरा फुटतो, अख्खं गाव पितं, पण ते पाणी तिच्या ओठांशी येऊन आटतं. बाई सांगायच्या, मी मोकळ्या हाताने फोनवर उतरवायची. वाचक वाढले. सगळ्यांचं एकच विचारणं, बाप कधी येणार?

४. भावाविषयी. त्याचं मूत्रपिंड मला जुळलं होतं. तो स्वतःहून तयार झाला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला, "ते नाही म्हणतायत." तो स्वतः बोलला नाही, आजतागायत नाही.

त्याच आठवड्यात बाई म्हणाल्या, "आता वरुणाला आणू या. पोरीला किती ताटकळवायचं?"

"तो येणार नाही."

"तुझा भाऊ आला नाही, त्यात तिच्या बापाचा काय दोष?"

मी तोंड फिरवलं. सुया काढल्यावर निरोप न घेताच निघून आले. पुढच्या खेपेला त्यांच्या खाटेवर कोणी अनोळखी गृहस्थ झोपले होते. मी सिस्टरांकडे बघितलं. त्या डोळे पुसत दुसरीकडे बघायला लागल्या.

तेव्हापासून ओंजळ कोरड्या नदीच्या पात्रात वाट बघत उभी आहे. बापाला आणायला बसले की बोटं अडतात, आणि येणार नाही असं लिहायला गेले की बाईंचा आवाज कानात येतो.

५. म्हणून भावाला घर, दुकान, पैसा यातलं काहीही नाही. ओंजळ मात्र त्याची. वेबसाइटवरच्या खात्याचा पासवर्ड बहिणीकडे आहे. शेवटचा अध्याय त्याने लिहावा. बाप का आला नाही, एवढंच लिहायचं आहे. घाबरला होता का, बायकोमुलांचा विचार केला का, निघून वाटेतून परत फिरला का, ते मला कधीच कळलं नाही. भावा, तुला ते मला नाही सांगता आलं तर नाही. त्या पोरीला सांग. ती रागावणार नाही, तिचा स्वभाव बाईंनी घडवलाय.

आणि बाप आला असं लिहिलंस, तरी माझी हरकत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी धाकट्या बहिणीने करावी. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते. उजव्या हाताला सुयांच्या जखमांची पट्टी असल्याने सही डाव्या हाताची आहे.

सही: चावीवाली

साक्षीदार:
१. डायलिसिस विभागाच्या सिस्टर
२. गल्लीतले शिंपीकाका

ठिकाण: राहतं घर
दिनांक: १४ नोव्हेंबर