टॅबवरची न हलणारी रेघ

अण्णा,

तुमचे कर्णे, तो अॅम्प्लिफायर, धायरीचं गोडाऊन, यातलं आता काही उरलेलं नाही. गोडाऊनच्या जागी इमारत आहे आणि तिच्या पार्किंगमध्ये माझी गाडी लागते. साउंडचं काम मात्र मी अजून करते. आवाज कमीजास्त करायचा मिक्सर स्टेजमागे एका पेटीत असतो आणि मी हातात टॅब घेऊन लॉनभर हिंडते, वायर नाही, काही नाही. मागच्या रांगेत गायिकेचा आवाज पोचत नसेल तर मागच्याच रांगेत उभं राहून बोटाने वर सरकवायचा. तुम्ही म्हणाला असता, हे काय काम हाय व्हय, लग्नात मिरवायला आल्यागत. देवळापुढच्या कार्यक्रमात तुम्ही अॅम्प्लिफायरपाशी खुर्ची टाकून बसायचात, कर्णा तुमच्या डोक्यावरच्या खांबाला. मी शेजारी बसून अॅम्प्लिफायरवरचा हलणारा काटा बघत होते तेव्हा टपली मारून म्हणालात, "काटा काय बघती? माणसांची तोंडं बघ." टपली जोरात लागली होती. आई तुम्हाला कानात कापूस घाला म्हणायची, तर कापूस घालून कुणी भजन ऐकतं का, असं तिच्यावरच खेकसायचात. तुमचं ते खेकसणं मला कधीच आवडलं नाही, आणि आता मीही तशीच खेकसते.

गेल्या आठवड्यात सिंहगड रोडच्या एका लॉनवर रिसेप्शन होतं. बँड चांगला, पोरं शिकलेली, गायिका तर फारच गोड. मी जेवणाच्या टेबलांपाशी उभी राहून टॅब बघतेय. त्यावर आवाजाच्या रेघा नाचत असतात, खर्ज डावीकडे, बारीक आवाज उजवीकडे. तर उजव्या टोकाला एक रेघ उभी राहिली आणि हलेचना. पाहुण्यांचे मोबाईल वाढले की आमचं कनेक्शन अडतं आणि पडदा जागच्या जागी थांबतो, हे नेहमीचंच. मी म्हटलं, झाला हँग. बंद केला, परत जोडला. रेघ तिथेच. पुन्हा बंद केला. बाकीच्या रेघा हलत होत्या की नाही, ते मी बघितलंसुद्धा नाही. माईकने स्पीकरचाच आवाज ओढून घेतला की शिट्टी सुटते आणि त्या शिट्टीची रेघ अशीच ताठ उभी राहते, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण शिट्टी असती तर मला ऐकू आली असती ना.

समोर एक बाळ किंचाळून रडत होतं. मला वाटलं, भूक लागली असेल. मग नवरीची आई कानावर हात ठेवून उभी दिसली, आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "अहो बाई, कान आमचे स्वतःचे आहेत, मांडववाल्याकडून भाड्याने आणलेले नाहीत." तेव्हा कुठे मी गायिकेचा माईक खाली ओढला. कडव्याच्या मधेच तिचा आवाज गेला आणि सगळ्यांनी कानावरचे हात काढले. माझ्यापुरता काहीच फरक पडला नव्हता, गाणं तेवढं थांबलं होतं. कार्यक्रमानंतर ती जवळ आली. "ताई, फीडबॅकची शिट्टी ऐकू नाही आली तुम्हाला? माझं डोकं फुटायची वेळ आली होती, सीरियसली." मी म्हटलं, टॅब हँग झाला होता. तिला ते लगेच पटलं.

डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. वरचे आवाज दोन्ही कानांतून गेलेत, ते परत येत नाहीत, आणि हे काम सोडलं नाही तर बोलणंही जाईल, असं तोंडावर सांगितलं. एवढं बरं, की माझ्याकडे बघून बोलले, म्हणून नीट कळलं. मला भीती वाटते, अण्णा. रात्री नाही, दिवसाच वाटते, माणसं बोलायला लागली की. रविवारचा कार्यक्रम मी घेऊन बसलेय, तो सोडायचा की नाही तेवढं ठरवायचंय, आणि तेवढंच ठरत नाही. दुसरं काय येतं मला?

आणि कालपासून एकच गोष्ट डोक्यात आहे. काका गोडाऊन बिल्डरला द्यायचं म्हणत होते, तेव्हा सगळ्यांदेखत मी तुम्हाला विचारलं होतं, अण्णा, साउंडचं काम मी चालवू का? तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मान हलवलीत. काकांनी तेवढ्यापुरता विषय सोडला. पोरीला बापाने परवानगी दिली म्हणून गावभर झालं, मी अजून लोकांना अभिमानाने सांगते. आई तेवढी हसून म्हणाली होती, "त्यांना काय विचारतेस, ते हल्ली सगळ्यालाच हो म्हणतात." मी तिच्यावर चिडले होते. आता मी स्वतः दिवसभर माना हलवते. वॉचमन बोलला, मान. बँकेतली मुलगी बोलली, मान. परत परत 'काय?' विचारायची लाज वाटते हो. मग वाटतं, तुम्हाला तेव्हा माझं काही ऐकू तरी आलं होतं का?

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिता येतंय. आईला सांगितलं तर ती उद्याच टॅब लपवून ठेवेल.

आज संध्याकाळी मी भांडी घासत होते, नळ चालू होता. लेक कॉलेजातून आली आणि दाराशी उभी राहून, खाली बघत, बराच वेळ काहीतरी बोलली. शेवटी तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, तेव्हा प्रश्न होता एवढं कळलं. मी मान हलवली. "नक्की ना आई?" हे ओठांवरून समजलं. मी पुन्हा हलवली. तिने मला घट्ट मिठी मारली, तिचे गाल ओले होते, आणि ती खोलीत जाऊन कुणाला तरी फोन करायला लागली. तिने काय विचारलं ते मला माहीत नाही, अण्णा. दार अजून बंद आहे आणि मी इथेच बसलेय.