सरसकट वाढीव मार्कांना माझा विरोध

१४ जानेवारी
पहिला तास. केमिस्ट्रीचा पहिला सेमिस्टर मी १९८१ साली 'ए' मिळवून पास झाले होते. मग लग्न झालं, दुसरा राहिला. व्हाइस प्रिन्सिपॉल म्हणून रिटायर झाले, आता गावच्या कम्युनिटी कॉलेजात तेवढा उरकून टाकायचा. रोज पहाटे दोन तास अभ्यास. वर्गात सगळी पोरं, निम्मी मोबाइलवर. मी पहिल्या बाकावर.

१५ जानेवारी
पहाटे दारातला बर्फ उपसला. अभ्यास उद्यापासून.

५ फेब्रुवारी
लॅब. जोडीला डेस्टनी. वय बावीस, संध्याकाळी वृद्धाश्रमात नोकरी. दातांच्या दवाखान्यातल्या कामाचा कोर्स करायचा आहे, त्यासाठी ही केमिस्ट्री. आम्लात उभ्या काचेच्या नळीतून अल्कली थेंबथेंब सोडायची, फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. डेस्टनी म्हणाली, मिसेस टर्नबुल, बस्स, बस्स! पण फिकट म्हणजे काम अर्धवट. मी सोडत राहिले. गॅलाघर सर म्हणाले, ही तर लिपस्टिक झाली. वर्ग हसला. नळीचा नळ सैल होता.

४ मार्च
बफर म्हणजे काय ते डेस्टनीला सविस्तर समजावलं. ती थँक्यू म्हणाली आणि तडक सरांना विचारायला गेली. शंका विचारायची सवय लागते आहे मुलीला. माझ्यामुळे.

पहाटेचा अभ्यास लवकरच सुरू करते आहे.

८ एप्रिल
मोठी परीक्षा. सोपी वाटली. एक प्रश्न पानामागे होता, तो दिसला नाही. छपाईचा दोष.

१० एप्रिल
सर म्हणाले, पेपर अवघड निघाला. सगळ्यांची तयारी असेल तर कर्व्ह लावतो. म्हणजे पहिल्या नंबरला शंभराला जेवढे कमी पडले, तेवढे मार्क सगळ्यांना वाढवायचे. एकाचाही आक्षेप असला तर नाही. सगळे हात वर. माझा नाही. मी उभी राहिले आणि फुकटच्या मार्कांबद्दल वर्गाला चार शब्द सुनावले. मागून टायलर म्हणाला, आजी, बसा ना, आमचं का वाटोळं करताय? डेस्टनीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. या परीक्षेत सत्तर नसले तर तिची दातांच्या कोर्सातली जागा जाते म्हणे. पण तत्त्व ते तत्त्व. पुढे आभार मानेल.

१५ एप्रिल
मला त्रेचाळीस.

बेरीज तपासली. चूक सापडली. सरांनी एक मार्क जास्त दिला आहे. तूर्त बोलणार नाही.

डेस्टनीला सहासष्ट. पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर डोकं टेकून रडत होती. ती जाईपर्यंत मी माझ्या गाडीत खाली वाकून बसले. किल्ली शोधत होते. किल्ली हातातच होती.

१७ एप्रिल
सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, शिस्तीइतकीच परिस्थितीही बघावी लागते. सर म्हणाले, म्हणजे कर्व्ह हवा आहे? मी म्हटलं, मुलांसाठी. सरांनी समोरचा माझा पेपर उगाचच सरळ केला. म्हणाले, मुलांसाठी. ठीक आहे.

२२ एप्रिल
कर्व्ह लागला. सर्वांना चौदा मार्क. सर वर्गात एवढंच म्हणाले की मिसेस टर्नबुल यांनी येऊन विनंती केली. डेस्टनीला ऐंशी. तिने मला गच्च मिठी मारली.

माझे सत्तावन्न. सरांनी बाजूला बोलावून हळूच सांगितलं, आता उरलेल्या सगळ्या परीक्षांत शंभर मिळाले तरी पास होणं जमणार नाही. कोर्स सोडायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार
डेस्टनीने वर्गात डोनट आणले. माझ्यासाठी. टायलरने बाकावर चढून भाषण ठोकलं. म्हणाला, आजीला स्वतःला गरज नव्हती, तरी आपल्यासाठी तत्त्व गिळलं. आजीसारखं माणूस नाही! टाळ्या. सर खिडकीतून बाहेर बघत होते. खरं सांगायला हवं होतं. तोंडात डोनट होता. तो संपला तेव्हा मी दुसरा घेतला.

निघताना डेस्टनी म्हणाली, सोमवारी लॅबला लवकर या हं, या वेळी नळ तुम्हीच धरा, मी काही बोलणार नाही. कोर्स सोडल्याचा अर्ज मी सकाळीच ऑफिसात देऊन आले होते.

म्हटलं, हो. सोमवारी.