ताडावरची छत्री

चिंचणीच्या जिवलीताईस धाकट्या शुक्राचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं ठिकाणावर आहे की नाही, ते पत्र वाचून तूच ठरव.)

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? इकडे तलासरीला सगळी बरी आहेत. फोनच केला असता, पण दाजी तो स्पीकरवर टाकतात आणि राजकारण निघालं की स्वतःच बोलत बसतात, म्हणून हा कागद.

आपल्या बांधावरचा ताड तुला आठवतोच. झाड माझं, चढणारा लाहू, ताडी अर्धी-अर्धी. सकाळ-संध्याकाळ वर जाऊन कोयत्याने काप द्यायचा, मडकं बदलायचं. चार दिवस खाडा झाला की झाड आटलंच. मला उंचावर गरगरतं (पेरूच्या झाडावरून तूच मला उतरवलं होतंस, आणि अजून सगळ्यांना सांगत फिरतेस, माहीत आहे), म्हणून वरचा कारभार लाहूचा आणि खालून बडबड करायचं काम माझं. अशी आमची दोस्ती पोरवयापासून बिनतक्रार चाललेली. मग आली सरपंचाची निवडणूक. मी कपबशीवाला, लाहू छत्रीवाला. पाण्याची टाकी आधी की रस्ता आधी, एवढंच भांडण, पण असं तापलं की माणसं एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जायला लागली. मी लाहूला म्हटलं, आपण भांडायचं नाही हं. तो म्हणाला, छे, अजिबात नाही. त्याच संध्याकाळी तुझ्या भावजयीने, भिकीने, त्याला नेहमीसारखा कपबशीतून चहा दिला. लाहूने बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, 'माझ्याच घशात प्रचार ओततोस काय रे?' म्हणाला आणि चहा तसाच टाकून निघून गेला.

बोलणं बंद. पण चढणं बंद नाही हं, ताई! गडी मुकाट यायचा, चढायचा, माझ्या वाट्याची ताडी ओट्यावर ठेवून जायचा, तीही घोटभर कमी नाही. त्यानेच जास्त जीव जळायचा. भांडला असता तर बरं वाटलं असतं. ताडी गोड होती, पण एकट्याच्या घशाखाली उतरेना.

मतदानाच्या आदल्या दिवशी बघतो तर काय, माझ्या ताडाच्या शेंड्याला काळी छत्री! उघडलेली, दोरीने बांधलेली, रस्त्यावरून दिसेल अशी. अख्खा पाडा विचारायला लागला, शुक्रादादा, पलटलास? कपबशीवाल्यांनी तर मला मीटिंगमधून उठवलं. माझं डोकंच फिरलं. चढता येत नाही, म्हणून गलोल काढली आणि हाणला दगड. आयुष्यात माझा नेम कधी लागला नाही (कैऱ्या तूच पाडायचीस), तो नेमका त्या दिवशी लागला. छत्री टर्रकन फाटली आणि मागे बघतो तर लाहू उभा. मी ओरडलो, माझ्या झाडावर तुझा प्रचार? तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, 'अवकाळीचं आभाळ धरलंय, येड्या. मडक्यात पाणी गेलं तर ताडी नासेल. तुझी पण.'

मी वर बघितलं. आभाळ खरंच गच्च भरलेलं. इतके दिवस मी पोस्टरं बघत हिंडत होतो, आभाळाकडे बघितलंच नव्हतं. मग जो पाऊस आला, तो फाटक्या छत्रीतून थेट मडक्यात.

भिजलेला लाहू ओट्यावर आला. भिकीने या वेळी शहाणपणाने स्टीलचे पेले काढले. लाहू म्हणाला, 'वहिनी, बशी कुठंय? पेल्यात तोंड भाजतं.' ताई, मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच मोटारसायकलवर मतदानाला गेलो. त्याने छत्रीला दिलं, मी कपबशीला, आणि येताना टाकी-रस्त्यावरून पुन्हा वाजलं. आता एकच नियम केलाय. माणूस झाडावर असताना राजकारण काढायचं नाही. रागात त्याचा हात सुटला तर मी भांडू कुणाशी?

तुझा,
शुक्रा

ता. क. निकाल विचारशील. छत्री पडली, कपबशीही पडली. शिलाई मशीनवाल्या हिराबाई आल्या. आता आम्ही दोघं मिळून त्यांच्याकडे टाकी आणि रस्ता दोन्ही मागायला जाणार आहोत.

ता. क. दुसरा. खरं काम हे. चिंचणीच्या बाजारातून एक मोठी काळी छत्री घे आणि इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठव. लाहूला भरून द्यायची आहे. इथल्या दुकानात मी छत्री मागितली तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, शुक्रा फुटला म्हणून. कागदात नीट गुंडाळ, दांडा दिसता कामा नये.

ता. क. तिसरा. लाहू इथे शेजारीच बसलाय. म्हणतो, ताईला सांग, त्यातच एक कपबशी पण टाक. त्याच्या घरी नुसते पेले आहेत, आणि मी गेलो की मला चहा कशात द्यायचा, म्हणतो. इथल्या दुकानात मागायची त्याचीही हिंमत होत नाही.