भुऱ्याचा बीमा

सूनबाई,

पहिल्या मोटारीने इंदूरला निघालोय. डॉक्टरांनी आज ऑपरेशनला बोलावलंय. काल सांगितलं असतं तर तू मुलांना टाकून सोबत निघाली असतीस.

आपल्या भुऱ्याचा बीमा उतरवता येतो का, असं मी देवासच्या बीमावाल्या रघुजींना विचारलं होतं. ते हसले. म्हणाले, "बापूसाहेब, कुत्र्याचा कुठे बीमा असतो? आणि तुमचंही वय आता निघून गेलं." मग वाईट वाटून त्यांनीच त्याच्यासाठी चामड्याचा पट्टा आणून दिला. तो कपाटात आहे, त्याला घाल.

बीमा नाही, म्हणून तुलाच सांगतो. माझ्यामागे त्याला कोणाला देऊ नकोस.

परसात बांधलाय. मोटार गेली की सोड. निघताना त्याला 'येतो' म्हणायला माझी जीभ रेटेना.

तुझे मामंजी